पवित्र गायन आणि पारितोषिक

(ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या गायनमंडळाच्या सभेंत केलेलें भाषण)



ह्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हां विषयासाठीं मला दूर जावें लागलें नाहीं. आपल्या ज्युबिली समितीपुढें एक सूचना आली आहे, ती आपणां सर्वांस ठाऊक आहेच. दरवर्षीं संत सिसिलियेच्या सणाच्या सुमारास भक्तिगीतांचा समारंभ करावा, आणि उत्तम गायकास, उत्तम वादकास व उत्तम नव्या गीतास ढाल द्यावी, अशी ती सूचना. तरुण मंडळीस ती फार आवडली आहे. कांहीं वडीलधाऱ्यांस ती रुचलेली नाहीं. देवाच्या स्तुतीला पहिला आणि दुसरा नंबर कसला, असें ते विचारतात. दोन्ही पक्षांच्या मनांत देवळाविषयींचें प्रेमच आहे. म्हणून आरंभीं कोणाचाहि पक्ष न घेतां, जेथें अशीं पारितोषिकें पन्नासाहून अधिक वर्षें दिलीं जात आहेत, त्या अमेरिका देशाची हकीकत मी सांगतों. तिच्यांत आपणांस घेण्यासारखें पुष्कळ आहे, आणि टाळण्यासारखेंहि आहे.

प्रथम 'ज्युबिली' ह्या शब्दाविषयींच थोडें बोलूं. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत हें पन्नासावें वर्ष सांगितलेलें आहे. त्या वर्षीं कर्णे वाजावे, दास मोकळा व्हावा, आणि ज्याची जमीन गेली असेल त्याला ती परत मिळावी, अशी परमेश्वराची आज्ञा. अमेरिकेंतील काळ्या लोकांची गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें संपली, तेव्हां हा अध्याय त्यांस आपल्याच जीवनाची कथा वाटला असल्यास नवल नाहीं. पुढल्याच वर्षीं नॅशव्हिल शहरांत मुक्त झालेल्या लोकांकरितां फिस्क नांवाची शाळा निघाली. पांच वर्षांत ती कर्जांत बुडाली. तेव्हां तिचे खजिनदार जॉर्ज व्हाइट १८७१ च्या आक्टोबरांत नऊ विद्यार्थी बरोबर घेऊन, गाऊन पैसे मिळविण्यासाठीं बाहेर पडले. ह्या मंडळीस त्यांनीं लेवीय ग्रंथावरूनच 'ज्युबिली सिंगर्स' असें नांव दिलें.

हीं मुलें आरंभीं आपल्या आईबापांचीं भजनें लोकांपुढें गाण्यास राजी नव्हतीं. कापसाच्या शेतांत राबतांना, मालकाचा डोळा चुकवून गायिलेलीं तीं गीतें. तीं तिकिटें काढून आलेल्या परक्यांपुढें कशीं गावीं? आपले वडीलधारे आज जी शंका काढतात, तीच शंका त्या मुलांच्या मनांत होती. परंतु शेवटीं तीं गायिलीं, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांस पाणी आलें. १८७३ सालीं इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणीपुढें त्यांचें गायन झालें. मिळालेल्या पैशांतून शाळेची 'ज्युबिली हॉल' ही मोठी इमारत उभी राहिली. पुढें फ्रेडरिक लाउडिन ह्यांच्या नेतृत्वाखालीं ह्याच नांवाची मंडळी १८८४ पासून १८९० पर्यंत जगाच्या प्रवासास निघाली, ती आपल्या हिंदुस्थानांतहि येऊन गेली. तेव्हां ज्या गायनपरंपरेविषयीं मी बोलत आहें, तिचे सूर आपल्या भूमीस अगदींच परके नाहींत.

ह्या जुन्या भजनांच्या पुढची पायरी म्हणजे 'गॉस्पेल', अर्थात् सुवार्तेचें संगीत. त्याला आजचें रूप देणाऱ्यांत शिकागोचे थॉमस डॉर्सी हे अग्रगण्य. ते बाप्टिस्ट उपदेशकाचे पुत्र. तरुणपणीं ते नाटकगृहांतून 'ब्लूज' नांवाचीं लौकिक गाणीं वाजवीत. १९३२ च्या ऑगस्टांत ते सेंट लुइस येथें एका धर्मसभेसाठीं गेले असतां मागें त्यांची पत्नी बाळंतपणांत वारली, आणि नवजात बालकहि गेलें. त्या दुःखांत, प्रभूनें आपला हात धरावा अशी याचना करणारें त्यांचें जगप्रसिद्ध गीत जन्मास आलें. १९६८ सालीं मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या अंत्यविधीच्या वेळीं तें महेलिया जॅक्सन ह्यांनीं गायिलें. आणि तरीहि डॉर्सी ह्यांच्या संगीतास आरंभीं शिकागोच्या कित्येक मोठ्या देवळांत प्रवेश नव्हता. ही नाचगाण्याची चाल, ती वेदीजवळ नको, असें तेथील प्रतिष्ठित मंडळी म्हणत. आज ज्या गीतास मान आहे, त्यास काल दारांत उभें राहावें लागलें होतें, हें आपण ध्यानांत ठेवावें.

आतां पारितोषिकांकडे वळूं. १९६४ सालीं नॅशव्हिल येथें 'गॉस्पेल म्युझिक असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. गीतकार बिल गेदर ह्यांनीं वार्षिक पारितोषिकाची कल्पना मांडली असें सांगतात. १० आक्टोबर १९६९ रोजीं मेंफिस शहरांतील पीबॉडी हॉटेलांत पहिला समारंभ झाला. पारितोषिकास 'डव्ह' म्हणजे कबुतर हें नांव मिळालें. यार्देन नदीच्या कांठीं प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं पवित्र आत्मा ज्या रूपानें उतरला, तेंच हें चिन्ह. पहिल्या वर्षींच्या सर्वोत्तम गीताचा मान आर. ई. विन्सेट ह्यांच्या, प्रभूच्या पुनरागमनाविषयींच्या गीतास मिळाला. हे विन्सेट १९५२ सालींच निवर्तले होते. ज्याला गर्व होण्याची भीति उरली नव्हती, अशा माणसाच्या गीतापासून आरंभ झाला, ही मला मोठी शुभ गोष्ट वाटते.

परंतु शुभ आरंभ टिकविणें कठीण. तिसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९७१ सालीं, मतदानांत गैरप्रकार झाल्याचें उघडकीस आलें, आणि त्या वर्षाचीं पारितोषिकें रद्द करावीं लागलीं. सुवार्तेचीं गीतें गाणाऱ्यांचें मंडळ, पवित्र आत्म्याचें चिन्ह, आणि मतांची पेटी भरण्याची लबाडी! आपण हंसूं नये. जेथें ढाल असते तेथें मोह असतो, आणि मोह देवळाचें दार पाहून मागें फिरत नाहीं. त्या संस्थेनें मात्र चूक झांकली नाहीं. निकाल रद्द केला, आणि पुढल्या वर्षीं नव्यानें आरंभ केला. ही धिटाई घेण्यासारखी आहे.

दुसरा वाद उठला तो गीतांच्या अर्थाविषयीं. पुढें हें संगीत मोठ्या व्यापाराचा भाग झालें. कांहीं गीतांत देवाचें नांवहि नव्हतें, केवळ गाणारा ख्रिस्ती होता. तेव्हां १९९८ सालीं संस्थेस सुवार्ता-गीताची व्याख्याच लिहून काढावी लागली. शब्द पवित्र शास्त्रांतील सत्यावर आधारलेले असावे, किंवा त्यांत देवाची उपासना असावी, किंवा ख्रिस्ताशीं असलेल्या नात्याची साक्ष असावी, किंवा निदान ख्रिस्ती दृष्टि त्यांत स्पष्ट दिसावी, असा तिचा आशय. व्याख्या केल्यावरहि वाद मिटला नाहीं, कांहीं गीतें स्पर्धेबाहेर गेलीं तेव्हां तो उलट वाढला. परंतु प्रश्न योग्य होता. आपण ज्याला भक्तिगीत म्हणतों तें नेमकें काय, हें बक्षीस देण्यापूर्वीं ठरवावें कीं नंतर?

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. ज्या काळ्या लोकांच्या अश्रूंतून हें संगीत निघालें, त्यांस ह्या समारंभांत फार काळ मागेंच जागा होती. आरंभींचे मानकरी बहुतेक दक्षिणेकडील गोऱ्या गायकांच्या मेळ्यांतले. उत्तम गायिकेचा मान एका काळ्या स्त्रीस, सीसी वायनन्स ह्यांस, मिळाला तो १९९६ सालीं, म्हणजे पहिल्या समारंभानंतर सत्तावीस वर्षांनीं. तोंपर्यंत काळ्या लोकांनीं वाट पाहिली नव्हती. डॉन जॅक्सन ह्यांनीं १९८५ सालीं शिकागो येथें 'स्टेलर' नांवाचा निराळा समारंभ सुरू केला, आणि तो आजहि चालतो. फिस्कच्या ज्युबिली सिंगर्सना कबुतरवाल्या संस्थेनें आपल्या मानकऱ्यांच्या दालनांत स्थान दिलें तें २००० सालीं. ज्यांच्यापासून सारें निघालें, त्यांस एकशें एकोणतीस वर्षांनंतर आसन मिळालें!

आणि २०१६ व २०१९ सालीं आणखी एक प्रकार झाला. कर्क फ्रँकलिन नांवाचे प्रख्यात काळे गायक पारितोषिक स्वीकारतांना, पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडलेल्या आपल्या बांधवांविषयीं बोलले व त्यांनीं सर्वांस प्रार्थना करण्यास सांगितलें. सभागृहांतील लोकांनीं तें ऐकलें. परंतु दूरचित्रवाणीवर समारंभ दाखविण्यांत आला तेव्हां ते शब्द दोन्ही वेळीं कापलेले होते. फ्रँकलिन ह्यांनीं त्या समारंभावर बहिष्कार घातला, आणि संस्थेच्या अध्यक्षांनीं जाहीर क्षमा मागितली. बंधूंनो, गायकाच्या गळ्याला बक्षीस द्यावयाचें आणि त्याच्या हृदयांतील दुःख कापून टाकावयाचें, हा सन्मान नव्हे.

आपल्या पवित्र ख्रिस्तसभेचें ह्याविषयीं काय म्हणणें आहे? पोपमहाराज दहावे पायस ह्यांनीं १९०३ सालीं, संत सिसिलियेच्या सणाच्याच दिवशीं, पवित्र संगीताविषयीं आज्ञापत्र काढलें. संगीत पवित्र असावें, कलादृष्ट्या खरें असावें, आणि सर्व लोकांस आपलें वाटावें, असें त्यांत सांगितलें आहे. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेविषयींचा ठराव केला, आणि निरनिराळ्या जातींच्या लोकांच्या संगीतपरंपरेस उपासनेंत योग्य स्थान द्यावें, असें सांगितलें. अमेरिकेंतील काळ्या कॅथलिकांचें गीतपुस्तक १९८७ सालीं निघालें, तें ह्याच वृक्षाचें फळ. त्यांच्यांतील सिस्टर थिया बोमन ह्या फ्रान्सिस्कन भगिनी १९८९ च्या जूनमध्यें तेथील बिशपमहाराजांच्या सभेपुढें बोलल्या. कर्करोगानें त्या जर्जर झाल्या होत्या, चाकांच्या खुर्चींत बसून बोलत होत्या. आपले लोक ख्रिस्तसभेस काय देऊं शकतात तें त्यांनीं गाऊन सांगितलें, आणि शेवटीं सर्व बिशपांस उभें करून, हातांत हात गुंफून त्यांच्याकडूनहि गाऊन घेतलें. पुढल्या वर्षीं त्या प्रभूकडे गेल्या. त्या सभेंत पहिला नंबर कोणाचा आला, असें कोणी विचारलें काय?

आणि दूर कशाला जावें? फादर स्टीफन्स ह्यांनीं १६१६ सालीं आपल्या भाषेंत ख्रिस्तपुराण छापविलें, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचें. तें पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पूर्वजांनीं गायिलें. त्यांस कोणीं ढाल दिली नाहीं. लोकांनीं त्यांच्या ओव्या कंठांत ठेवल्या, हेंच त्यांचें पारितोषिक.

तर मग समारंभ करूं नये काय? माझें मत, करावा. तरुणांस उत्तेजन हवें, नवीं गीतें हवींत, आणि स्तुति ऐकून उमेद वाढते हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु ज्यांनीं आधीं वाट चालली त्यांच्या ठेंचा आपण पुन्हां खाऊं नयेत. समारंभ सभागृहांत व्हावा, मिस्साबलिदानांत नव्हे. वेदीपुढें स्पर्धक नसतात. परीक्षक बाहेरचे असावे, आणि गुणांचा कागद सर्वांस दाखवावा. भक्तिगीत कशास म्हणावें तें धर्मगुरूंच्या सल्ल्यानें आधींच लिहून ठेवावें. दरवर्षीं एक मान अशा कोणास तरी द्यावा, जो आतां गाऊं शकत नाहीं किंवा जो आपल्यांत राहिलेला नाहीं.

आणि शेवटची विनंती मी हात जोडून करतों. आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वेकडील पाड्यांवरून जे आदिवासी बांधव दर रविवारीं चालत येतात, ते देवळांत मागें उभे राहतात. त्यांच्या घरीं तारप्याच्या सुरावर बसविलेलीं प्रभूचीं गीतें आहेत. मीं तीं नाताळांत त्यांच्या अंगणांत ऐकलीं आहेत. आपल्या गायनमंडळांत त्यांतील एकहि गीत आजवर गायिलें गेलेलें नाहीं. आपण ढाली वांटूं, फोटो काढूं, आणि पन्नास वर्षांनीं आपल्या नातवंडांस कळेल कीं उत्तम गीतें देवळाच्या दारांत उभीं होतीं. तसें होऊं नये. पहिल्या वर्षीं पहिलें गीत त्यांचें असावें, आणि त्याला नंबर देऊं नये.

ज्युबिलीचें वर्ष म्हणजे ज्याचें गेलें त्याला परत देण्याचें वर्ष. बक्षीस देण्यापूर्वीं हें देणें फेडूं या. प्रभु येशू आपल्या गायनावर प्रसन्न होवो, इतकें मागून मी आपली रजा घेतों.