मांजर आडवं गेलं, भिंतीचं काय?

श्रोतेहो, घराबाहेर पाऊल टाकताना कुणी 'कुठं चाललात?' विचारलं, की आपल्या कपाळाला आठी पडते. शकुन आपल्या भाषेतही मुरले आहेत. काम फसलं की 'सकाळी कुणाचं तोंड पाहिलं होतं?' म्हणतो, शंका आली की मनात पाल चुकचुकते. इंग्रजही तेराचा आकडा टाळतात, नजर लागू नये म्हणून लाकडाला हात लावतात. गंमत म्हणजे, काळं मांजर आडवं जाणं ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी शुभ मानतात! मांजर तेच, अर्थ आपण लावलेला.

आपल्या म्हणींना हे पक्कं ठाऊक होतं. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ' असं त्या सांगतात. दोन गोष्टी एकदम घडल्या, म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. 'कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही' ही तर सरळ कानउघाडणीच.

तरी लग्नानंतर सासरी कुणी दगावलं, की नवी सून 'पांढऱ्या पायाची' ठरते. तिचं आयुष्य नासतं आणि मृत्यूचं खरं कारण कुणी शोधतच नाही.

खरं कारण न शोधणं किती महाग पडतं, हे आपल्या मराठवाड्यानं पाहिलं आहे. २९ सप्टेंबर १९९३ला गणपती विसर्जन करून गावं झोपली. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. बहुतेकांचा जीव घेतला तो दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्यानं. किल्लारीत १९९२ सालीही धक्के जाणवले होते. त्यावरून पुढच्या भूकंपाचा दिवस सांगता येत नव्हता. भिंती मात्र तपासता आल्या असत्या.

२१ मार्च २०२४ला सकाळी हिंगोली-नांदेडकडची जमीन पुन्हा हलली. तेव्हा श्रोतेहो, टिटवी ओरडली का, कुत्रं रडलं का, हे विचारण्याआधी घराच्या भिंतीवरून एकदा हात फिरवा. कोपऱ्यातली भेग दिसली, तर गवंड्याला बोलवा. त्यासाठी मुहूर्त पाहू नका.