पदवीधर किती, कामकरी किती?

एखाद्या जिल्ह्यात उद्योग यावेत म्हणून अहवाल तयार होतो, तेव्हा तिथल्या मनुष्यबळाची पत दाखवायला पदवीधरांची टक्केवारी हमखास पुढे केली जाते. आकडा सहज मिळतो, दोन जिल्हे शेजारी ठेवून पाहता येतात, हे खरं. पण तो नेमकं काय मोजतो? कोल्हापूरचंच घ्या. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांमध्ये मोटारींसाठी, पंपांसाठी कास्टिंग तयार होतात. तिथला मुरलेला मोल्डर, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे घडवणारा कारागीर, वाळू मुठीत दाबतो, मूठ उघडतो आणि ढेकूळ कसं मोडतं यावरून ओल ताडतो. ओल जास्त झाली तर वाफ कोंडते, कास्टिंगमध्ये पोकळी राहते आणि माल रिजेक्ट होतो. आज वाळू तपासायला यंत्रं आहेत. तरी हा जाणता हात कारखान्याला लागतोच. अहवालात मात्र हा माणूस ‘दहावी’ किंवा ‘दहावी नापास’ या रकान्यात बसतो, आणि जिल्हा तेवढा मागास ठरतो.

शिवाय टक्केवारी माणूस शिकला तिथली नसते, राहतो तिथली असते. शिवाजी विद्यापीठाची पदवी घेऊन पुण्याला गेलेला मुलगा पुण्याच्या खात्यात जमा होतो. त्याला शिकवण्याचा खर्च एका गावाचा, आकडा दुसऱ्या गावाचा. म्हणजे नोकऱ्या कुठे एकवटल्या आहेत, हेच या आकड्यातून अधिक कळतं. आणि पदवी म्हणजे काम असंही नाही. केंद्र सरकारच्या २०२२-२३च्या श्रमबल पाहणीत पंधरा वर्षांवरील सर्वांमध्ये बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, तर पदवीधरांमध्ये १३.४ टक्के. यावरून पदवी कुचकामी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. गरिबाला बेकार बसणं परवडत नाही, मिळेल ते काम तो धरतो. पदवीधर थोडा थांबू शकतो. पण हातात पदवी असणं आणि हाताला काम असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यातून नक्की दिसतं.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहं उभी केली, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथे पदवीचं मोल कमी लेखायचं का? मुळीच नाही. मुलींना आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवलेल्या समाजांना पदवीने दारं उघडून दिली. म्हणून ती किती जणांपर्यंत पोहोचली हे मोजलंच पाहिजे. पण ते मोजमाप न्यायाचं आहे, कौशल्याचं नव्हे. दुसरा आक्षेप असा, की अनुभव मोजायचा कसा? सगळा मोजता येणार नाही. पण आयटीआयचे प्रमाणपत्रधारक मोजता येतात, १९६१च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेले मोजता येतात, आणि कामावरच शिकलेल्यांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची सोयही सरकारी योजनांत आहे. जिल्ह्याच्या अहवालात पदवीच्या रकान्याशेजारी हे तीन रकाने यायला हवेत. तसं झालं, तर कारखाना काढू पाहणाऱ्याला कोणतं काम करणारी माणसं इथे मिळतील हे कळेल, आणि कोणतं शिक्षण कमी पडतंय हे जिल्ह्यालाही उमगेल.