ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असं नाही

आजचा भाग खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांसाठी आहे, आणि ठेवायचा विचार करणाऱ्यांसाठी तर जास्तच. जे बोललो तेच खाली उतरवलंय. आकडे सलग दिसावेत म्हणून थोडी साफसफाई केली आहे, एवढंच.

एका श्रोत्याने विचारलं होतं. त्याने निळा टँग आणला, म्हणजे 'फाइंडिंग निमो'मधली डोरी असते ना, तो मासा. सध्या तो वेगळ्या छोट्या टाकीत आहे. तिसऱ्या दिवशी अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. दुकानदार म्हणाला, खाण्याला लसणाचा रस लावा आणि ही 'रीफ सेफ' लिहिलेली बाटली टाका. चार दिवसांत ठिपके गायब. आता प्रश्न असा की, "दादा, बरा झालाय ना? मोठ्या टाकीत सोडू का?"

तर उत्तर आहे, अजिबात नको. का नको, हे कळलं की क्वारंटाइनचं बाकी सगळं गणित आपोआप कळतं. म्हणून आधी तेच बघू.

हे ठिपके ज्याचे असतात त्या परजीवीचं नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स. हौशी लोक त्याला मरीन इक म्हणतात. त्याच्या आयुष्याचे टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांमध्ये शिरून बसतो आणि तिथेच खाऊन मोठा होतो. आपल्याला जो ठिपका दिसतो तो हा. हे साधारण ३ ते ७ दिवस चालतं. मग तो स्वतःहून माशाला सोडतो आणि खाली पडतो. दुसऱ्या टप्प्यात तो काचेला, दगडाला, वाळूला, पाईपला चिकटतो आणि स्वतःभोवती कडक कवच तयार करतो. त्या कवचात त्याचं विभाजन होत राहतं. तिसऱ्या टप्प्यात कवच फुटून दोन-दोनशे पोहणारी पिल्लं बाहेर पडू शकतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. सापडला तर पुन्हा पहिला टप्पा सुरू.

आता आपल्या श्रोत्याच्या टँगकडे बघा. चार दिवसांत ठिपके गेले. लसूण नसता दिला तरी गेले असते, कारण ते तसेही पडणारच होते. लसणाचं श्रेय परजीवीच्या वेळापत्रकाला द्यायला पाहिजे. ठिपके आता टाकीच्या तळाशी कवचात आहेत, आणि काही दिवसांनी दसपटीने परत येतील. दुसऱ्या फेरीत मासा जोरजोरात श्वास घ्यायला लागतो, कारण कल्ले भरलेले असतात. तेव्हा लोक म्हणतात, "अहो, बरा झाला होता, अचानक गेला." अचानक काहीच झालेलं नसतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या रोगावरचं भरवशाचं औषध म्हणजे तांबं. पण तांबं माशाच्या कातडीखाली बसलेल्या परजीवीला मारत नाही, आणि कवचातल्यालाही मारत नाही. ते मारतं फक्त त्या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणजे तुम्हाला जे दिसतंय त्यावर औषध चालत नाही, आणि औषध ज्यावर चालतं ते तुम्हाला दिसत नाही. म्हणून उपचार कधी थांबवायचा हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. ते कॅलेंडर आणि टेस्ट किट ठरवतात. आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आता क्वारंटाइनची टाकी. फार खर्चिक काही नको. लहान माशांसाठी ६०-८० लिटरची साधी काचेची टाकी चालते, टँगसारख्या सतत पोहणाऱ्या माशाला मोठी घ्या. त्यात स्पंज फिल्टर, एअर पंप, हीटर, थर्मामीटर आणि लपायला पीव्हीसी पाईपचे तुकडे आणि एल्बो. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते, गरम पाण्याने धुऊन. वर झाकण किंवा जाळी हवीच, घाबरलेला मासा उडी मारतो. वाळू नको, दगड नको, शिंपले नकोत. ते दिसायला छान असतात, पण तांबं शोषून घेतात. मग तुम्ही औषध टाकता आणि पाण्यात ते शिल्लकच राहत नाही.

स्पंज फिल्टरचा स्पंज मासा आणायच्या तीन-चार आठवडे आधी मोठ्या टाकीच्या संपमध्ये टाकून ठेवा, म्हणजे त्यात जिवाणू वाढलेले असतील. नाहीतर क्वारंटाइनमध्ये रोगाने कमी आणि अमोनियाने जास्त मासे मरतात. आपल्याकडे वीज जाते हेही धरून चाला. बॅटरीवर चालणारा एक एअर पंप जवळ असू द्या.

ही टाकी मोठ्या टाकीच्या शेजारी ठेवू नका. बबल फुटताना जे बारीक तुषार उडतात त्यांतूनही वेल्वेटसारखा रोग जाऊ शकतो. दुसऱ्या खोलीत जागा असेल तर उत्तम. जाळी, बादली, सायफनचा पाईप सगळं वेगळं. आधी मोठ्या टाकीचं काम करायचं, मग क्वारंटाइनचं, आणि शेवटी हात कोपरापर्यंत धुवायचे. करोनात हे सगळं आपण शिकलोय, आता ते माशांसाठी वापरायचं.

मासा घरी आला त्या दिवशी काय करायचं? पिशवीत माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे पाण्याचा पीएच खाली असतो आणि अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बराच वेळ बंद राहिलेली पिशवी उघडून दोन-दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसू नका. त्याऐवजी दुकानदाराला आदल्या दिवशी फोन करून क्षारता विचारा. बरीच दुकानं ती मुद्दाम कमी ठेवतात, १.०१८ किंवा १.०२०. क्वारंटाइनची क्षारता तेवढीच करून ठेवा. पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं तरंगवा, तापमान जुळलं की मासा सोडा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या. मग क्षारता रोज थोडी थोडी, ०.००२ च्या आसपास, वाढवत १.०२५ ला आणा. मासा क्षारता कमी झालेली सहन करतो, पटकन वाढलेली नाही.

पहिले एक-दोन दिवस फक्त बघा. खातोय का, श्वास किती वेगाने घेतोय, अंग घासतोय का. मोबाईलवर रोज एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, फरक कळतो.

तांबं सुरू करायचं तर आधी बाटली वाचा. तांब्याची औषधं मुख्यतः दोन प्रकारची असतात. आयॉनिक प्रकारात पातळी ०.५ पीपीएमच्या आसपास ठेवतात, आणि चिलेटेड प्रकारात २ ते २.५ पीपीएम. एका औषधाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एकतर औषध लागू पडणार नाही किंवा मासा मरेल. टेस्ट किटही त्या प्रकाराला चालणारी हवी. डोस एकदम न टाकता दोन-चार दिवसांत चढवत न्या. पाणी बदलताना नव्या पाण्यात आधीच तेवढंच तांबं मिसळलेलं असू द्या. आणि अमोनिया बांधणारी जी कंडिशनर औषधं असतात ती तांब्यासोबत वापरू नका. त्यांतली बरीच तांब्याचं रूप बदलतात आणि ते माशाला घातक होतं. अमोनिया वाढला तर पाणी बदला, हाच उपाय.

किती दिवस? एकाच टाकीत ठेवणार असाल तर योग्य पातळीवर पूर्ण ३० दिवस. दुसरी कोरडी, स्वच्छ टाकी तयार असेल तर १४ दिवसांनी मासा तिकडे हलवता येतो, कारण कवचं जुन्या टाकीतच राहतात. मध्ये एक दिवस जरी पातळी खाली गेली तरी मोजणी पुन्हा एकपासून. त्रासदायक आहे, पण परजीवीचं वेळापत्रक आपल्या सोयीने चालत नाही.

तांब्याशिवायही एक रस्ता आहे. दर ७२ तासांच्या आत मासा नव्या कोरड्या टाकीत हलवायचा, असं चार वेळा. परजीवी खाली पडतो, कवच करतो, आणि ते फुटायच्या आत मासा तिथून गेलेला असतो. मँडरिनसारख्या नाजूक माशांना हे बरं पडतं. पण ही युक्ती इकसाठी आहे, सगळ्या रोगांसाठी नाही.

कारण प्रत्येक रोग इक नसतो. सोनेरी पिठासारखी बारीक पूड अंगावर दिसली, मासा प्रवाहात तोंड घालून उभा राहिला आणि उजेड टाळू लागला, तर वेल्वेट असू शकतो. त्यात मासा एक-दोन दिवसांतही जातो, कधी ठिपके दिसायच्या आत. तिथे तांबं चालतं, पण वाट बघायला वेळ नसतो. क्लाऊनफिशच्या अंगावरून चिकट पापुद्रे सुटत असतील तर ब्रुकलिनेला. त्यावर तांबं चालत नाही. तो परजीवी माशावरच राहतो आणि माशावरच वाढतो. तिथे फॉर्मेलिन लागतं. फॉर्मेलिन कर्करोगकारक आहे, म्हणून हातमोजे घाला, खिडक्या उघडा, लहान मुलं असलेल्या घरात ते ठेवायचंच का याचा विचार करा. टाकीत हवा भरपूर सोडा, कारण ते पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं.

तिसरा गट म्हणजे फ्लूक, चपटे किडे. डोळे धुरकट, अंग घासणं, डोकं झटकणं. पीएच आणि तापमान जुळवलेल्या गोड्या पाण्यात एअर स्टोन लावून ५ मिनिटं मासा ठेवला तर ते पांढरे होऊन खाली पडलेले दिसतात. मासा कोलमडला तर ५ मिनिटांची वाट न बघता बाहेर काढा. उपचार प्राझिक्वांटेलचा. ते अंड्यांवर चालत नाही, म्हणून ५ ते ७ दिवसांनी दुसरा डोस लागतोच. बघा, इथेही तेच. जे दिसत नाही त्याच्यासाठी दुसरी फेरी.

आणि इक मोठ्या टाकीत शिरलाच असेल तर? तिथे तांबं टाकायचं नाही. कोळंबी, गोगलगायी आणि बाकीचे अपृष्ठवंशी प्राणी मरतील. सगळे मासे, धडधाकट दिसणारेसुद्धा, बाहेर काढून उपचार करायचे. मोठी टाकी ७६ दिवस माशांशिवाय चालू ठेवायची. हा आकडा अशासाठी की ७२ दिवसांपर्यंत कवच फुटल्याची नोंद आहे, वर थोडी सुरक्षित फरकाची जागा. याच कारणाने नवीन गोगलगाय किंवा दगडसुद्धा थेट मोठ्या टाकीत टाकू नका. कवच त्यांनाही चिकटून येतं.

बरेच जण म्हणतात, "अरे, एवढं करण्यापेक्षा दुसरा मासा आणू." या वाक्यावर मला थोडं बोलायचंय. गोड्या पाण्यातले गप्पी, मॉली फार्ममध्ये वाढलेले असतात. समुद्री शोभिवंत माशांचे बहुतेक प्रकार आजही थेट प्रवाळ खडकांवरून पकडले जातात. क्लाऊनफिशचं प्रजनन आपल्या सीएमएफआरआयनेही यशस्वी केलंय, त्यामुळे तो पर्याय आहे आणि शक्य तिथे तोच घ्या. तरी क्वारंटाइन त्यालाही करा, कारण दुकानात बऱ्याचदा सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच संपमधून फिरतं. पण टँग, बटरफ्लाय, अँजल यांपैकी तुमच्या हातात आलेला मासा बहुधा समुद्रातून आलाय. पकडणं, पिशवी, विमान, घाऊक व्यापारी, दुकान, पुन्हा पिशवी. एवढं सोसून तो जिवंत पोचलाय. त्याला शांत टाकीत सहा-आठ आठवडे देणं हे लाड नाहीत. आपण तो आणला, तर तेवढं आपल्याकडे लागतं. ते द्यायला जागा किंवा वेळ नसेल तर या महिन्यात मासा आणूच नका. दुकान कुठे जात नाही.

तांब्यानंतर दोन आठवडे औषधाशिवाय निरीक्षण, तोवर प्राझिक्वांटेलचे दोन डोस झालेले, आणि मासा खणखणीत खातोय. एवढं जमलं की मग मोठी टाकी. श्रोते मित्रा, तुझा टँग आज कितव्या दिवशी आहे ते टाकीच्या काचेवर मार्करने लिही, आणि तांब्याचा आकडा रोज त्याच्याखाली.

पुढच्या भागात उन्हाळ्यातलं तापमान आणि चिलर घ्यावा की नाही यावर बोलू. प्रश्न असतील तर माशाचा व्हिडिओ आणि पाण्याचे आकडे दोन्ही पाठवा, नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही. भेटूच.