कोंबडीच्या पिल्लांचे पहिले एकवीस दिवस

आज बोलायचे आहे घरच्या कोंबडीच्या पिल्लांविषयी. हे काम घरात बहुधा बायकाच बघतात. तेव्हा बंधूंनी रागावू नये, पण आज मी भगिनींशी जरा जास्त बोलणार आहे.

आपल्याच अंगणातले चित्र आठवा. कोंबडी बारा पिल्ले घेऊन डालग्यातून बाहेर येते. चार दिवसांनी मोजावीत तर दहा. पंधरवड्याने सहा. महिना उलटला की उरतात तीन. कुणी विचारले तर उत्तर ठरलेले, "जगतील ती आपली." पण बायांनो, गेलेल्या नऊ पिल्लांत चार तरी तलंगा झाल्या असत्या. त्यांची अंडी म्हणजे पोरांच्या वह्या आणि घरातले तेल-मीठ. पिल्लू अंड्यात एकवीस दिवस असते, तेव्हा कोंबडी त्याला सांभाळते. बाहेर आल्यावरचे एकवीस दिवस आपण सांभाळायचे असतात.

अंडी बसवताना

खुडूक कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुरेत. जास्त ठेवली तर कडेची अंडी थंड पडतात. अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची आणि स्वच्छ घ्यावीत, पण धुवू नयेत. टोपलीत गवताखाली थोडी कोरडी राख पसरावी. उवा झाल्या तर कोंबडी अंडी सोडून उठते. सातव्या रात्री अंधारात प्रत्येक अंड्यामागे बॅटरीचा उजेड धरून पाहा. आत लाल रेषांचे जाळे दिसले तर अंडे फळलेले आहे. काहीच दिसले नाही तर ते काढून घ्या.

एक गोष्ट इथेच सांगतो. शेतात लांडोरीची अंडी सापडली म्हणून कुणी ती आणून कोंबडीखाली ठेवतात. तसे करू नका. मोर आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची अंडी उचलणे हा गुन्हा आहे. घरटे जिथे असेल तिथेच राहू द्या.

ऊब

पिल्लू पुरते वाळल्याशिवाय कोंबडीखालून काढू नका. दोन दिवस पुरेल एवढी शिदोरी, म्हणजे अंड्यातला पिवळा बलक, त्याच्या पोटात असतो. त्याला आधी ऊब लागते, दाणा मागाहून.

कोंबडी असेल तर ती ऊब देतेच. पण एक दिवसाची पिल्ले विकत आणली असतील तर दिवा लावावा लागतो. इथे पुष्कळजण फसतात. हल्ली घरोघरी एलईडी दिवे आहेत. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. जुना, तारेचा, तापणारा दिवाच पाहिजे. पिल्लामागे दोन वॅट धरा, म्हणजे तीस पिल्लांना साठ वॅटचा एक दिवा. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंश सेल्सिअस ऊब असावी. पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करावी, म्हणजे दिवा थोडा वर उचलावा.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही, पिल्लेच सांगतात. दिव्याखाली गर्दी करून ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. लांब जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडते आहे. सगळीकडे सारखी पसरून खात-पीत असतील तर ठीक आहे. भोवती पुठ्ठ्याचे किंवा चटईचे गोल कडे करा. कोपरे नकोत. कोपऱ्यात पिल्ले एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. वीज गेली तर गरम पाण्याचे मडके तोंड बांधून, पोत्यात गुंडाळून मधे ठेवा.

कोरडी जमीन

खाली दोन-तीन बोटे जाडीचे भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा. रोज खालीवर करा. ओले झाले तेवढे काढून टाका. ओल्या भुशात रक्ती हगवण वाढते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, त्यातून पावसाळा असला तर जास्तच. पिल्लू पंख पाडून बसले, विष्ठेत रक्त दिसले की वाट बघू नका. त्याला वेगळे करा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातून पाण्यातून द्यायचे औषध आणा.

दाणापाणी

पहिले पाणी कोमट, चिमूटभर गूळ घातलेले. भांडे उथळ असावे आणि त्यात चार खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू बुडत नाही. नुसत्या कण्यांवर पिल्लाचे अंग धरत नाही. भरडलेला मका किंवा ज्वारी आणि शेंगदाण्याची पेंड असे मिश्रण द्या. वाळवी मिळाली तर उत्तमच. मात्र बुरशी धरलेला मका किंवा पेंड, जनावरांनी नाकारली म्हणून, पिल्लांपुढे टाकू नका. त्या बुरशीचे विष पिल्लांच्या काळजाला लागते.

लस

मानमोडीवर औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात टाकावा. चौथ्या आठवड्यात तीच पुन्हा द्यावी. सहाव्या ते आठव्या आठवड्यात देवीची लस, आणि आठ आठवड्यांनंतर मानमोडीची आर-टू-बी लस टोचून घ्यावी. आजारी पिल्लाला लस देऊ नये.

अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची असते आणि आपली पिल्ले बारा. कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या पाच-दहा जणींनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवाव्यात. पिल्ले एकदम निघतील, मग एक बाटली बर्फात घालून आणावी आणि सकाळच्या थंड वेळी घरोघरी थेंब टाकून घ्यावेत. एकटीला न परवडणारी गोष्ट दहाजणींना सहज जमते.

राखण

तीन आठवडे पिल्ले मोकळी सोडू नका. दिवसा घार-कावळा, रात्री मुंगूस, मांजर आणि घूस. दिवसा मोठ्या डालग्याखाली आईसकट ठेवा. रात्री खुराड्याला अर्ध्या इंची जाळी असावी. मेलेले पिल्लू उकिरड्यावर न टाकता खोल पुरावे.

शेवटी एवढेच करा. दाराच्या चौकटीजवळ खडूने रोज संध्याकाळी पिल्लांचा आकडा लिहा. आकडा कमी झाला तर त्याच दिवशी कारण शोधा. थंडीने गेले, ओलीने गेले, की घारीने नेले? कारण कळले की पुढचे पिल्लू वाचते. मग "जगतील ती आपली" असे म्हणायची वेळ येणार नाही.