कार्ड काढण्याआधी एक प्रश्न

आम्ही सोयगावच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. दिवसभर कापूस वेचून दमला असाल, तर जरा टेका आणि ऐका. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्याच्या कार्डाविषयी बोलायचंय.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांसाठी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड सुरू झालंय. त्यात गरीब-श्रीमंत बघत नाहीत. योजनेतल्या दवाखान्यात भरती झालं, तर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार मोफत होतो. सासू-सासरे दोघंही सत्तरीपुढचे असले, तर हे ५ लाख दोघांत मिळून असतात. नोंदणीला आधार कार्ड लागतं आणि वयही आधारवरचंच धरतात.

आमच्या गटातल्या एकीचे सासरे फौजेतून रिटायर झालेले. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या त्यांना माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेतून मिळतात. नातू मोबाइल घेऊन नोंदणीला बसला. तेवढ्यात सुनेनं विचारलं, “मामा, पण तुमच्या जुन्या कार्डाचं काय होईल?”

तिनं विचारलं ते बरं झालं. ईसीएचएस किंवा केंद्र सरकारी नोकरांची सीजीएचएस असेल, तर दोन्ही चालत नाही. जुनी ठेवा, नाहीतर आयुष्मान घ्या. आयुष्मान आहे भरती होण्यासाठी. भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यावरचे १५ दिवस त्यात धरतात. दर महिन्याच्या गोळ्या त्यात मिळत नाहीत. मामांनी जुनं कार्डच ठेवलं.

आता दुसरं घर बघा. आपल्याकडचे कितीतरी लोक वाळूजच्या, चिकलठाण्याच्या कंपन्यांत राबले. पगारातून ईएसआय कापला जायचा. अशा माणसाला सत्तरीनंतर ईएसआय सोडावा लागत नाही, आयुष्मानही मिळतं. खासगी विमा असला तरी तसंच. आणि हे पुष्कळांना माहीतच नसतं: निदान ५ वर्षं ईएसआयमध्ये राहून वयानुसार रिटायर झालेला माणूस वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचा आणि बायकोचा दवाखाना पुढं चालू ठेवू शकतो. म्हणजे सत्तरी येईपर्यंत वाऱ्यावर राहायची गरज नाही.

म्हणून बायांनो, कुणी कार्ड काढायला आलं की अंगठा लावण्याआधी घरात एकच प्रश्न विचारा: म्हाताऱ्याची रोजची गोळी कुठून येते? ती जुन्या कार्डावर येत असेल, तर आधी १४५५५ या फुकट नंबरवर विचारा. गोळ्या स्वतःच्याच पैशानं घेत असाल आणि दुसरी कुठलीच योजना नसेल, तर उशीर करू नका. आजारपण सांगून येत नाही.

पुढच्या बैठकीला येताना घरातली सगळी जुनी कार्डं पिशवीत घालून आणा. बसून एकेक वाचू.