तीन बोटं

आधी एक काम करा. हेडफोन राहू द्या कानात. हाताची मधली तीन बोटं एकमेकांना चिकटवा, पंजा उभा धरा आणि बोटं वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. गाडी चालवत असाल तर नंतर. जातात? छान. माझी दोनच जायची, तीही कशीबशी.

मला ते कळलं बारामतीत, पाणीपुरीच्या गाडीवर. पुरी तोंडात जाईना. मित्र हसले, मीही हसलो. त्याआधी वर्षभर ठेचा खाल्ला की तोंडाची आग व्हायची. मी म्हणायचो, ॲसिडिटी. दुखत काहीच नव्हतं ना!

कारण मावा. इंदापूरला गावी गेलो की टपरीवर सुपारी, चुना, तंबाखू प्लॅस्टिकच्या कागदात घोटून मिळायचा, तो. बीटेकला असताना लागला. पुढे नोकरीत तंबाखू सोडली, नुसती सुपारी ठेवली आणि स्वतःवर जाम खूश होतो.

तिथेच फसलो. डॉक्टर म्हणाले, या आजाराचं मूळ सुपारीच आहे. तिच्यातल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली कोलॅजन साठत जातं आणि तिथे ताठ, पांढरट पट्टे तयार होतात. ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. जबड्याचा सांधा ठणठणीत, पण गालच ताणला जात नाही. त्यांनी पट्टी लावली: २८ मिलिमीटर. साधारण ३५ च्या वर हवं. आणि यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो.

कॅन्सर म्हटल्यावर बारामतीत कुणाचं नाव आठवतं, ते सांगायला नको. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत शरद पवारांना तोंडाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं. दात काढावे लागले, तोंड उघडायला, गिळायला, बोलायला त्रास झाला, हे त्यांनी स्वतः जाहीर सांगितलंय. राज्यात गुटखाबंदी २०१२ ला आली. टपऱ्या तुम्ही बघताच.

माझे उपचार म्हणजे गालात स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि घरी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. काड्यांची चवड दातांत धरायची, दर काही दिवसांनी एक वाढवायची. आईला वाटायचं, पोरगं येडं झालं. सुपारी पूर्ण बंद. तरी गेलेलं सगळं परत येत नाही, दर काही महिन्यांनी तपासणीही आहेच.

काल मोजलं. ३३. पुरी अजून फोडूनच खातो.