काम तेवढंच, मग दम का लागला?

आजचा विषय शाळेत आपण पाठ केला आणि सोडून दिला, तो. शक्ती, म्हणजे पॉवर.

मी रोह्याजवळच्या धाटावचा. माझे बाबा तिथल्या एमआयडीसीत एका कंपनीत ट्रकमध्ये पोती भरायचे. चार माणसं, ५० किलोची २०० पोती, दोन तास. हा रोजचा हिशेब. एक दिवस सुपरवायझर म्हणाला, "आज गाडी तासाभरात निघाली पाहिजे." बाबा काही बोलले, तर उत्तर आलं, "काम तेवढंच आहे की!"

त्या रात्री बाबा जेवलेही नाहीत. पाठ धरून बसले आणि मला म्हणाले, "पोती तेवढीच होती रे. मग आज एवढा दम का लागला?"

मी तेव्हा अकरावी सायन्सला. वही काढली. एक पोतं दीड मीटर वर चढवायचं, तर ५० गुणिले ९.८ गुणिले १.५, म्हणजे ७३५ ज्यूल कार्य. बाबांच्या वाट्याची ५० पोती, म्हणजे ३६,७५० ज्यूल. हे दोन तासांत केलं तर साधारण ५ वॅट, एका तासात केलं तर १० वॅट. कार्य तेच, शक्ती दुप्पट. कारण शक्ती म्हणजे कार्य भागिले वेळ, काम किती वेगाने झालं ते.

आता ५-१० वॅट ऐकून हसू नका. यात फक्त पोतं वर गेल्याचं कार्य धरलंय. वाकणं, उठणं, पोतं पाठीवर घेऊन सपाट जमिनीवर चालणं, हे त्या ७३५ मध्ये येतच नाही. शरीर मात्र त्याचीही किंमत मोजतं, आणि तीही निम्म्या वेळात.

तुमच्या हातातला फोनच घ्या. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. १० वॅटच्या चार्जरला ती भरायला कागदावर दोन तास लागतात, ३३ वॅटच्या चार्जरला पस्तीसेक मिनिटं. बॅटरी तीच, ऊर्जा तेवढीच. पण फास्ट चार्जिंगला फोन जास्त तापतो ना? घाईची किंमत कुठेतरी द्यावीच लागते.

याचं मोठं उदाहरण आमच्या नदीतूनच वाहतं. कोलाडला राफ्टिंगला आलेल्यांनी पाहिलं असेल, सकाळी कुंडलिकेला पाणी चढतं. ते पाणी वरून, भिऱ्याच्या वीजकेंद्रातून येतं. टाटांचं हे केंद्र १९२७ साली सुरू झालं. मुळशी धरणाचं पाणी घाटावरून सुमारे ५०० मीटर खाली येऊन तिथली टर्बाइन फिरवतं. याच धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ साली मुळशी सत्याग्रह उभा राहिला, ज्याचं नेतृत्व सेनापती बापटांनी केलं. तेव्हा या पाण्याची किंमत कोणी मोजली, तेही लक्षात असू द्या.

आता गणित बघा. १००० लिटर पाणी ५०० मीटर खाली आलं की ४९ लाख ज्यूल मिळतात. हे पाणी एका सेकंदात सोडलं तर, गळती सोडून, ४.९ मेगावॅट. तेच १००० लिटर तासभर थेंब थेंब सोडलं तर जेमतेम १,३६० वॅट. एक इस्त्री चालेल फक्त! पाणी तेच, उंची तीच. म्हणून जलविद्युत केंद्र एवढं कामाचं. संध्याकाळी मुंबईत दिवे, पंखे, एसी एकदम सुरू झाले की काही मिनिटांत पाणी वाढवून शक्ती वाढवता येते.

आणि लाइट बिलावरचं 'युनिट' म्हणजे शक्ती नाही बरं का. ती ऊर्जा. १००० वॅटची इस्त्री एक तास चालली की एक युनिट. वॅट म्हणजे वेग, युनिट म्हणजे एकूण हिशेब.

त्या रात्री मी बाबांना वही दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली. पुढच्या वेळी घाईची गाडी आली तेव्हा सुपरवायझरला म्हणाले, "साहेब, काम तेवढंच आहे, पण वेळ निम्मा आहे. माणसं वाढवा, नाहीतर वेळ वाढवा." माणसं नाही मिळाली. अर्धा तास वाढवून मिळाला. त्या रात्री बाबा जेवले.

तर आज एक करा. बिल्डिंगचा जिना एकदा सावकाश चढा, एकदा जोरात, आणि दोन्ही वेळा मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. वजन गुणिले ९.८ गुणिले उंची, भागिले सेकंद. तुमचे वॅट किती आले, कमेंटमध्ये सांगा. आणि यापुढे कोणी "काम तेवढंच आहे" म्हणालं, तर आधी विचारा, "वेळ किती?"

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!